अपेय म्हणजे फक्त दारू? आमच्या हापशीवरच्या पाटीबद्दल

पूर्णाकाठ

परवा इथे, या मंचावर, एका सभासदांनी फोटो टाकला होता. लाल रंगाची हापशी, शेजारी पत्र्याची पाटी, पाटीवर 'या हापशीचे पाणी अपेय आहे'. खाली त्यांचं वाक्य: 'भाग्यवान गाव, हापशीतून थेट दारू येते.' दीडशे जण हसून गेले. एकाने भीत भीत विचारलं की यात चुकलं काय, तर त्याला उत्तर मिळालं की मराठीत अपेय म्हणजे दारू, अपेयपान म्हणजे दारू पिणं, आणि पाण्याला अपेय म्हणणं ही अडाणी सरकारी भाषा.

ती पाटी माझ्या हातची आहे. मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर आहे. ब्रश माझा, रंग ग्रामपंचायतीचा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमचा भाग खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या अंगाने पसरलेला. वर काळी कसदार माती, खाली खारं पाणी. विहीर खणा की बोअर मारा, खारंच. माझ्या आईने चाळीस वर्षं त्या पाण्यात स्वयंपाक केला. तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी बोटाने चेपत नसे. दूध घातलं की चहा फाटायचा, म्हणून पाहुण्याला कोरा चहा. साबणाला फेस नाही, नुसता चिकट साका. माठाला बाहेरून पांढरी पापडी धरायची. लहानपणी ती नखाने खरवडून मी जिभेवर ठेवत असे. मोठे काका बावन्नाव्या वर्षी किडनीच्या दुखण्याने गेले. गल्लीतले ते तिसरे.

वान धरणावरची ८४ खेडी योजना आली, नळाला गोडं पाणी आलं. पण आमच्या टोकाला उन्हाळ्यात ते आठ-दहा दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत पोरं हापशीकडे वळतात. म्हणून पाटी.

आता शब्द. पा म्हणजे पिणे. त्याला यत् प्रत्यय लागून पेय, म्हणजे पिण्याजोगं. पुढे अ लागला की अपेय, पिण्याजोगं नसलेलं. यात दारू कुठून आली? दारूला मराठीत ढीगभर नावं आहेत. आमच्या पाण्याला हा एकच नेमका शब्द आहे. मचूळ म्हटलं तर चव कळते, गढूळ म्हटलं तर रंग कळतो. आमचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. ते पिऊ नये, एवढंच सांगणारा शब्द अपेय, आणि तोही तुम्ही हसण्यावारी नेलात.

लेखणी

फोटो मीच टाकला होता. गावाची चेष्टा करायची नव्हती. तशी झाली असेल तर वाईट वाटतं. शब्दाबद्दलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही.

मी ३१ वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. वाचकाच्या कानाला काय ऐकू येतं हे त्या टेबलावर शिकलो. अपेय म्हटलं की वाचकाला बाटली दिसते. 'अभक्ष्यभक्षण आणि अपेयपान' ही जोडीच त्याच्या डोक्यात पक्की बसली आहे. तुम्ही धातू आणि प्रत्यय सांगितलेत, बरोबर आहेत. पण शब्द व्युत्पत्तीने चालत नाही, वापराने चालतो. 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवण. तुम्ही मास्तर आहात. उद्या पालकांना सांगून बघा, 'मी तुमच्या मुलाला रोज पाच तास शिक्षा करतो.'

आणि दुसरं, जे तुम्ही टाळलंत. आजच्या मराठीत पेय म्हणजे 'पिण्यास योग्य' असं राहिलेलंच नाही. पेय म्हणजे प्यायची वस्तू. शीतपेय, गरम पेये, हॉटेलच्या कार्डावर शेवटच्या पानावर असतात ती पेये. मूळ शब्दाचाच अर्थ सरकला असेल तर अ लावून उलटा अर्थ कसा मिळणार?

पूर्णाकाठ

पेयजल म्हणजे काय मग? प्यायची वस्तू असलेलं जल? पेयजल योजना अख्ख्या देशात चालतात, त्यातल्या पेयचा अर्थ 'पिण्याजोगं' हाच आहे. तो अर्थ तुमच्या टेबलावर मेला असेल, आमच्या टाकीवर जिवंत आहे.

शब्दांकुर

दोघांनी अर्धा अर्धा मुद्दा धरलाय. मराठीत 'तो पितो' म्हटलं की काय पितो हे कोणी विचारत नाही. 'तो खातो' म्हटलं तर विचारतात (किंवा लाच समजतात). पिणे हे क्रियापद कर्म गाळून उभं राहिलं की त्याचा अर्थ दारूच होतो. 'घेता का?' आणि 'आज बसायचं का?' ही त्याचीच भावंडं.

एका अरबी शब्दाचंही असंच झालं. शराब म्हणजे मुळात कोणतंही पेय. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत ते मद्यापुरतं उरलं. त्याच धातूचं सरबत मात्र लिंबू-साखरेसकट सोवळ्यात राहिलं. फारसीत दारू म्हणजे औषध. आपण आजही दवादारू करतो तेव्हा तोच अर्थ बोलतो. म्हणजे 'पेय'वाला शब्द दारू झाला, 'औषध'वाला शब्द दारू झाला, आणि 'पिऊ नये' असं सांगणाराही दारूच झाला. भाषा या एका वस्तूभोवती इतकी घुटमळते की तिच्या हाती लागलेला प्रत्येक शब्द तिकडेच ओढला जातो.

तरी गुरुजींच्या पाटीला मी चूक म्हणणार नाही. मृग म्हणजे मुळात कोणताही पशू, मराठीत हरीण उरलं. पण मृगराज म्हणताना जुना अर्थ अजून चालतोच. दोन अर्थ एका घरात राहू शकतात.

आडवी_बाटली

तुमची भाषाशास्त्रं वाचून डोकं उठलं. मी सातारा जिल्ह्यातली. माझे वडील 'घेत' होते. लोक कधी 'पितो' म्हणायचे नाहीत, शिकलेली माणसं होती. 'आज दादांनी जरा घेतलीये', 'दादांचं अपेयपान चाललंय'. या शब्दावर सगळं घर हसायचं. आई हसायची नाही. ती पगाराच्या पाकिटातलं काय उरलंय ते मोजत असायची.

म्हणून मला या शब्दाचा राग आहे, आणि मास्तरांपेक्षा वेगळ्या कारणाने. अपेयपान म्हटलं की दारू गोड होते. कोणीतरी टोपी तिरकी करून गंमत करतंय असं वाटतं. दारूला दारू म्हणा. अपेय हा शब्द मास्तरांच्या हापशीला देऊन टाका, आमच्या घरातून तो जाऊ दे.

आमच्या गावात बाटलीचं मतदान झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: चिठ्ठीवर दोन बाटल्या काढलेल्या असतात, एक उभी, एक आडवी. दुकान हवं असेल तर उभी, नको असेल तर आडवी. यादीत नाव असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. आलेल्यांच्या निम्मी नाही, यादीच्या निम्मी. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत दुकानाच्या बाजूने. ऊसतोडीला गेलेल्या बायका टेंपोने रातोरात आणल्या. एका म्हातारीने आत जाण्याआधी माझा हात धरून विचारलं, "झोपलेली बाटली कुटली गं? मला तीच मारायची हाय." त्या दिवशी कोणी अपेय म्हटलं नाही. सगळ्यांनी दारूच म्हटलं, आणि बाटली आडवी झाली.

माडाखालचा

ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. पण दारू या एका शब्दात तुम्ही आमचंही घर घालता.

आम्ही कोकणातले भंडारी. आजोबा माडी काढायचे. पहाटे कमरेला कोयती अडकवून माडावर चढायचे, रात्रभर भरलेलं मडकं उतरवायचे. मडक्याला आतून चुना लावला असेल आणि उन्हं यायच्या आत प्यायलात तर ती नीरा. गोड, थंड, लहान मुलांनाही द्यायची. खादीवाल्यांनीच तिची विक्री केंद्रं काढली होती. चुना नसेल आणि ऊन वर आलं तर तेच पाणी फसफसतं, दुपारी त्याची माडी होते. एकच झाड, एकच मडकं. सकाळी पेय आणि दुपारी अपेय? ती रेघ कोणी ओढली?

रेघ ओढली सरकारने. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाडावर कर बसला, परवाना बसला, आणि पिढीजात धंदा करणारा माणूस चोर ठरू लागला. वर पुन्हा शहाण्यासुरत्यांनी अपेय म्हणायचं. हा शब्द माझ्या आजोबांना खाली बघायला लावणारा आहे. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिकडे अभिमानाने सांगतात. आमच्या माडीला मात्र अपेय.

आडवी_बाटली

तुमचे आजोबा कष्टाचे होते, मान्य. पण दुपारची ती माडी कोण प्यायचं, आणि पिऊन कोणाला मारायचं, हे आजीला विचारलं होतं का कधी?

माडाखालचा

आजीला मारलेलं मी बघितलं नाही. पण गावात बघितलंय. एवढं मान्य करतो, पुढचं नाही.

स्मृतिगंध

चर्चा भरकटली. अपेय हा मुळात धर्मशास्त्रातला शब्द आहे. पिण्यास 'अयोग्य' म्हणजे तब्येतीला अपायकारक नव्हे, तर निषिद्ध. सुरापान पंचमहापातकांत आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात गौडी, पैष्टी, माध्वी अशी तीन प्रकारची सुरा सांगून ती वर्ज्य केली आहे. कचाच्या कथेत शुक्राचार्य मद्याला शाप देतात. एवढी परंपरा पाठीशी असताना अपेय म्हटल्यावर दारू आठवली तर लेखणी यांचं काही चुकलं नाही. हापशीला 'दूषित' म्हणा, शब्द मोकळा आहे.

पूर्णाकाठ

पुन्हा तेच. आमचं पाणी दूषित नाही. दूषित म्हणजे त्यात काहीतरी बाहेरून मिसळलं. मग लोक ते उकळतात, तुरटी फिरवतात, औषधाचे थेंब टाकतात. क्षार उकळून जात नाही; पाणी आटतं आणि क्षार उलट वाढतो. माझी शेजारीण लेकराला तेच पाणी उकळून पाजत होती, 'दूषित आहे ना, उकळलं की झालं'. म्हणून मी जाणूनबुजून दूषित लिहिलं नाही.

रायगडकर

निषिद्ध आणि अयोग्य यांतला फरक काढलाच आहे, तर महाडचं पाणी आठवा.

२० मार्च १९२७. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केलं होतं. सगळं कागदावर. त्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं, हजारो लोकांनी प्यायलं. त्यानंतर लोकांवर हल्ला झाला. मग तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतल्या.

पाणी तेच होतं. गुरं पीत होती तोवर पेय होतं. माणूस प्यायला आणि ते अपेय झालं. मग त्यात शेण कालवलं आणि ते पुन्हा पेय झालं. हे तुमचं 'निषिद्ध'. न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. माझ्या पणजोबांनी ते पाणी प्यायलं होतं, मार खाऊन घरी आले होते. घरात ते एवढंच सांगत, "पाणी जरा मातकट होतं." अपेय शब्दाचा धर्मशास्त्रातला अर्थ जपायचा असेल तर हाही त्याच्यासोबत जपा. मी मास्तरांच्या बाजूने आहे. पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे तपासणीने ठरू दे, दुसऱ्या कशाने नको.

स्मृतिगंध

महाडमध्ये झालं ते पापच होतं, त्याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. मी फक्त शब्दाचा इतिहास सांगत होतो. पण इतिहासात हेही येतं, हे मान्य.

गोठा

मनुस्मृती निघालीच आहे तर पाचवा अध्यायही काढा. तिथे कोणतं दूध वर्ज्य, याची यादी आहे. उंटिणीचं, मेंढीचं, एका खुराच्या जनावराचं. आणि यादीत पहिलं नाव व्यायलेल्या गाईच्या दहा दिवसांच्या आतल्या दुधाचं. म्हणजे चीक. म्हणजे खरवस! मी सांगली भागात पशुवैद्य आहे. इथे गाय व्याली की अख्खी आळी पातेलं घेऊन येते. सोवळ्यातल्या घरांनाही खरवस चालतो, वर जायफळ-वेलची घालून. मग अपेयाचा नियम दारूलाच तेवढा कसा उरला?

स्मृतिगंध

खरवस शिजवून खातात, पीत नाहीत. निषेध दूध पिण्याचा आहे.

गोठा

दूध वर्ज्य म्हटलं की त्याचं सगळंच वर्ज्य. नाहीतर सुरेची भजी करून खा म्हणाल.

वाईची_माहेरवाशीण

भांडू नका. आमच्याकडे दहा दिवस ते दूध देवाला चालत नसे. निरांजन, नैवेद्य, पंचामृत सगळं शेजारच्या दुधाचं. माणसांनी मात्र खरवस पहिल्याच दिवशी खायचा. आजी म्हणायची, "देवाला थांबता येतं, चिकाला येत नाही."

आणि चीक विकायचा नसतो. वाटायचा. पातेलं परत देताना रिकामं द्यायचं नाही, चमचाभर साखर तरी घालायची. हल्ली दुकानात बारा महिने खरवसाच्या वड्या मिळतात. बारा महिने गाय व्यालेली असते का? चायना ग्रास आणि दूधपावडर आहे ती, जिभेला कळतं. खऱ्या खरवसाला बारीक जाळी पडते आणि सुरी लावली की कडेने पाणी सुटतं. ते दुकानातलं रबरासारखं थरथरतं.

लेक_मिशिगन

आम्हाला चीक कुठून मिळणार? कंडेन्स्ड मिल्क, दूध आणि दही समप्रमाणात घेऊन कुकरमध्ये शिटी न लावता वाफवते. मुलं आवडीने खातात. त्याला खरवस म्हणायचं नाही का?

वाईची_माहेरवाशीण

खुशाल खा, चांगलं लागत असेल. खरवस म्हणू नका. चीक नाही तर खरवस नाही.

गोठा

खरवसावर एक बोलतो, मला रोज दिसतं ते. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं काही नसतं. गाईच्या वारेतून ते पोटातल्या वासरापर्यंत पोचत नाही. ते सगळं चिकातून मिळतं, आणि आतडं ते शोषून घेतं पहिल्या चोवीस तासांतच. पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. लोक पहिल्या धारेचा घट्ट पिवळा चीक पाहुण्यांसाठी राखतात आणि वासराला संध्याकाळी सोडतात. आठवड्याने वासरू हगवणीने जातं. मग मला फोन. गेल्या पावसाळ्यात एकाच वस्तीवर चार वासरं अशी गेली. मालकीण पदराने वासराचं तोंड पुसत बसली होती, आणि चुलीशेजारी खरवसाचं ताट झाकून ठेवलेलं होतं.

पहिला चीक वासराचा. ते पोटभर प्यालं की उरलेला तुमचा. चीक मुबलक असतो, दोघांना पुरतो.

माडाखालचा

डॉक्टर, हे पहिल्यांदाच वाचलं. आमच्याकडे आधी वासरू सोडतात, पण कारण कोणी सांगितलं नव्हतं.

वाईची_माहेरवाशीण

आमच्याकडेही आधी वासराला, आजीची तशी ताकीदच होती. तुमच्या भागातल्या माणसांमुळे खरवसाला नाव ठेवू नका.

गोठा

माझ्या भागाला नाव ठेवायचं कारण नाही, बाई. तुमच्या जिल्ह्यातही हेच बघितलंय.

पूर्णाकाठ

अहो, मी खारपाणपट्ट्याच्या पाण्यावर लिहिलं होतं. पन्नास प्रतिसादांतले तीस खरवसावर आहेत. आमच्याकडे चीक आणला तरी नुसत्या वाफेवरच ठेवावा लागतो, चुकून पाणी घातलं तर नासतो. आता तरी मुद्द्यावर या.

आडवी_बाटली

मुद्द्यावर येते. लेखणीकाका, एक प्रश्न. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तुम्ही तेव्हा पेपरात होतात. त्या दिवशी मथळ्यात अपेय लिहिलं होतं का?

लेखणी

नाही.

खरं सांगायचं तर हा प्रश्न वाचून मी उठून गॅलरीत जाऊन आलो. त्या रात्री मी पानावर होतो. पहिल्या मजकुरात आकडा लहान होता, दर तासाला फोन येत होता आणि मी आकडा दुरुस्त करत होतो. मिथेनॉल होतं. दिसेनासं झालंय म्हणून सांगणारी माणसं रुग्णालयात येत होती. 'विषारी दारू', 'गावठी', 'बळी' असे सगळे शब्द आले. अपेय कोणाच्या डोक्यात आला नाही. खरं तर प्लास्टिकच्या फुग्यातून विकलेल्या त्या दारूइतकं अपेय दुसरं काही नव्हतं.

म्हणजे ताई म्हणतात ते बरोबर दिसतं. हा शब्द आम्ही फक्त हसायच्या बातमीसाठी ठेवला होता. मंत्र्याचा पुतण्या, लग्नाची वरात, पोलीस चौकीतला गोंधळ. माणूस मेला की आम्ही तो शब्द बाजूला ठेवत होतो. ३१ वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही.

तरीही मी म्हणेन की वापर बदलतो आणि बदललेला आहे. माझा मूळ मुद्दा तेवढ्याने खोटा ठरत नाही.

शब्दांकुर

खोटा ठरत नाही, पण 'अडाणी सरकारी भाषा' म्हणालात ते तरी मागे घ्या.

लेखणी

अडाणी मागे घेतो. सरकारी आहेच.

आशा_मराठवाडा

उशिरा आले. मी गावपातळीवर आरोग्याचं काम करते, पाण्याचे नमुने घ्यायला जलसुरक्षकाबरोबर फिरते. आमच्याकडे खार नाही, काही बोअरला फ्लोराईड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी प्यायला चालत नाही. तेही काचेसारखं स्वच्छ दिसतं, चवही चांगली. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात तेव्हा कळतं.

मास्तर, तुमचं मन कळलं. पण माझा अनुभव ऐका. आमच्या एका बोअरवर अशीच छान अक्षरांत पाटी होती, 'अपेय जल'. ऊसतोडीची टोळी मुक्कामाला आली. त्यांची चौथीतली पोरगी पाटीखाली उभी राहून बाटली भरत होती. मी म्हटलं, "अगं, वाचता येतं ना?" तिने वाचून दाखवलं, नीट, एकेक अक्षर: "अ-पे-य ज-ल." आणि बाटलीचं झाकण लावलं. तिला वाटलं ते बोअरचं नाव आहे, जसं 'शिवाजी चौक', 'गणेश नगर'.

तिच्या डोक्यात दारूही आली नाही आणि 'पिण्यास अयोग्य'ही आलं नाही. तुम्ही दोघं ज्या अर्थावर भांडताय, तो दोन्हींपैकी एकही तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

पूर्णाकाठ

हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

माझ्या वर्गातल्या पोरांना शब्द माहीत आहे, कारण मी शिकवलाय. गावातल्या लोकांना पाटीचं कारण माहीत आहे, कारण ग्रामसभेत बोललो होतो. पण हापशी रस्त्याच्या कडेला आहे. वाटसरू येतात, शेगावला जाणाऱ्या दिंड्या थांबतात, मेंढपाळ थांबतात. त्यांना कोण सांगणार? मी पाटी माझ्या वर्गासाठी रंगवली, रस्त्यासाठी नाही. ही चूक माझी.

शब्दाबद्दल मागे हटत नाही. लेखणी यांनी हसून ज्याला चूक म्हटलं ते चूक नव्हतं, हे मी शेवटपर्यंत म्हणेन. पण पाटी बदलतो. रविवारी नवीन रंगवतो: 'हे पाणी पिऊ नका. खारं आहे. उकळून गोडं होत नाही. धुण्याला चालेल.' आणि खाली, लहान अक्षरांत, कंसात: 'अपेय'. पोरांनी एक शब्द शिकला तर त्यात कोणाचं काय जातं?

आशा_मराठवाडा

शेजारी ग्लासावर फुली काढा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि गोडं पाणी कुठे मिळेल ते बाण काढून दाखवा. नुसतं पिऊ नका म्हटलं तर तहानलेला माणूस पितोच.

पूर्णाकाठ

बाण शाळेकडे काढतो. तिथे माठ भरलेला असतो.

लेखणी

'उकळून गोडं होत नाही' हे वाक्य चांगलं आहे, ते मोठं घ्या. लाल पत्र्यावर पांढरी अक्षरं दोन उन्हाळ्यांत उडतात. पिवळ्यावर काळी टिकतात आणि लांबून दिसतात. ओळीत चार शब्दांहून जास्त नको. खालचा 'अपेय' तेवढा कंसातून काढा. ठेवायचाच असेल तर उघडा ठेवा. रंगवण्याआधी कागदावर लिहून इथे टाका, मी तपासून देतो.

वाईची_माहेरवाशीण

मिशिगनच्या ताई, कुकरमध्ये किती मिनिटं ठेवता?